समाजमंदिरातला गॉगल: कंबरदुखीच्या प्रकल्पाच्या नोंदी

3 ऑक्टोबर 2024

कंबरदुखीवर गॉगल लावून बघायला खोली मिळाली. समाजमंदिराची मागची, जिथे गणपतीचं सामान ठेवतात. थर्माकोलचा अर्धा मखर अजून कोपऱ्यात आहे. सरपंच म्हणाले, "राहू द्या जी, कायची अडचण?" म्हणून राहू दिला. हात नसलेल्या दोन खुर्च्या, एक बाज, एक प्लग. तोही टेबलफॅनशी वाटून घ्यायचा.

गाव राळेगाव तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. नाव लिहीत नाही, कारण पाचशे उंबऱ्यांच्या गावात "तीन नंबरच्या मावशी" म्हटलं तरी ओळखणारे ओळखतात.

सामान: एक वापरलेला व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधला की आभासी जग दाखवणारा गॉगल, अर्ध्या किलोच्या आसपास. नागपूरच्या मित्राचा. तो गेम बनवतो. पुढे त्याला 'इंजिनिअर' म्हणेन. एक जुना लॅपटॉप, पुसायला स्पिरिट आणि कापूस. कापूस विकत आणला याचं आशाताईंना फार हसू आलं.

माणसं: 12. नऊ बायका, तीन पुरुष. सगळ्यांची कंबर तीन महिन्यांच्या वर दुखते आहे. तीन महिने ही 'जुनाट'ची मान्य रेघ. इथे मात्र कुणाचं दुखणं वर्षांत मोजायचं, कुणाचं बाळंतपणांत.

गॉगल कुणाला लावायचा नाही ते आधी भिंतीवर चिकटवलं. फिट येणारे, गरगरणारे: नाही. आणि संध्याकाळचा ताप, घटतं वजन, आडवं पडूनही न थांबणारी रात्रीची कळ, अडकणारी लघवी, बसायच्या जागेचा बधिरपणा, यातलं एक जरी असलं तरी थेट दवाखाना.

9 ऑक्टोबर

आज कागदपत्रांचा दिवस. हा उद्योग मला सुचला कुठून, हे एकदा लिहून ठेवते. परवा बाबांनी विचारलं तेव्हा धड सांगता आलं नव्हतं.

सुरुवात भाजलेल्या रुग्णांपासून आहे. जखमेची पट्टी बदलताना मॉर्फिनसारखी औषधं देऊनही माणूस किंचाळतो. सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी अशा रुग्णांना पट्टी बदलताना आभासी जगात नेलं. त्यासाठी त्यांनी 'स्नोवर्ल्ड' नावाचं बर्फाचं जग बनवलं. बर्फाच्या दरीतून जायचं आणि बर्फाचे गोळे मारत राहायचं. तत्त्व सरळ आहे: लक्षाला मर्यादा असते, ते बर्फात गुंतलं की दुखण्याच्या वाट्याला कमी येतं. याची मुळं 1965 पर्यंत मागे नेता येतात. त्या वर्षी मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलं की दुखण्याचा निरोप मज्जारज्जूत एका फाटकातून जातो आणि मेंदू वरून ते फाटक थोडंफार लोटू शकतो.

पण ते तात्पुरतं दुखणं झालं. पट्टी बदलून झाली की संपलं. आमच्या बायकांची कंबर सकाळी सातलाही दुखते आणि रात्री भाकरी थापतानाही. दिवसभर कुणाला बर्फात बसवणार?

म्हणून दुसरी गोष्ट महत्त्वाची. नोव्हेंबर 2021 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) जुनाट कंबरदुखीसाठी घरी वापरायच्या एका व्हीआर उपचाराला मान्यता दिली. आठ आठवडे, 56 सत्रं, प्रत्येक 2 ते 16 मिनिटांचं. त्यात गोळे मारणं नाही. श्वास, लक्ष वळवणं, शरीर सैल सोडणं हे शिकवतात, म्हणजे गॉगल काढल्यावरही काही हातात राहावं. चाचणीत 179 जण होते. ज्यांना खरा कार्यक्रम मिळाला त्यांच्यातल्या 66 टक्क्यांचं दुखणं 30 टक्क्यांहून जास्त कमी झालं. दुसऱ्या गटालाही गॉगलच दिला होता, पण आत साधी, सपाट चित्रं आणि उपचार काही नाही. त्यांच्यातल्या 41 टक्क्यांनाही तेवढाच फरक पडला.

66 चा आकडा सगळे सांगतात. मला तो 41 टोचतो.

16 ऑक्टोबर

पहिला दिवस. इंजिनिअरने तयार मिळणारी दोन दृश्यं भरून दिली होती: समुद्रकिनारा आणि बर्फाळ डोंगर.

एक नंबरच्या आजींनी गॉगल लावला, मान हळूहळू फिरवली आणि कपाळाला हात लावला. "एवढा कापूस कोन येचन बाप्पा!"

मी हसले. मग चार नंबरच्या ताईही बर्फ बघून तेच बोलल्या, तेव्हा हसू थांबलं. हिची कंबर वेचणीने गेलेली. पांढरं शेत डोळ्यांसमोर आलं की खांदे वर जातात, श्वास अडकतो. मी समोर बसून ते बघत होते. सिएटलला ज्याने आग शांत होते त्याने इथे मजुरीची आठवण होते. बर्फाचं दृश्य काढून टाकलं.

समुद्र चालला, पण कोरडा. तीन नंबरच्या मावशी: "पानी चांगलं हाय. पन कोनीच नाई दिसून रायलं. सारे मेले काय?"

बाकी किरकोळ: अंबाड्यावर मागचा पट्टा बसत नाही, वेणी सोडून बसायला सांगितलं. डोक्याला तेल असतं, म्हणून फोमऐवजी सिलिकॉनचं आवरण. दोघींना मळमळलं. त्यातल्या एकीच्या भिंगांमधलं अंतर मी जुळवलंच नव्हतं. चूक माझी.

22 ऑक्टोबर

दुखण्याचं माप. शून्य ते दहा हा आकडा इथे चालत नाही. "किती दुखते, दहापैकी सांगा" म्हटलं की सगळ्या दहा म्हणतात, बरं वाटलं तरी दहाच. कारण कमी सांगितलं तर उद्या मॅडम बोलावणार नाही.

आशाताईंनी वाट काढली. "आन्यात इचारा." आणि खरंच, रुपयात किती आणे फरक, हे प्रत्येकीला नेमकं सांगता येतं. "चार आने." "दोन आने, थो बी पाठीत, कंबरेत नाई." वहीत आता सोळा आण्यांचा रकाना आहे. अहवालात त्याचं काय करायचं ते नंतर बघू.

25 ऑक्टोबर

नऊ नंबरचे भाऊ, चाळिशीतले, फवारणी करणारे. पाठीवर सोळा लिटरचा पंप वाहून कंबर गेली असं त्यांचं म्हणणं, आणि पटण्यासारखंही. गॉगल लावण्याआधी प्रश्न विचारले. रात्री झोप? "नाई ना जी, पडलो का जास्तच दुखते." ताप? "सांजच्या पारी आंग गरम होते थोडं." पँट कमरेला सुतळीने बांधली होती. वजन उतरलंय हे विचारायची गरज नव्हती.

मणक्यावर हलकं ठोकलं तर कळवळले. गॉगल पेटीत ठेवला. आशाताईंसोबत दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवायचं ठरलं. त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, मशीन लावायला मी नाही म्हणतेय.

2 नोव्हेंबर

दिवाळी. सोयाबीन निघालं, कापसाचा पहिला वेचा सुरू. कुणी येत नाही. येऊही नये.

इंजिनिअर दोन दिवस राहिला. श्वासाचा खेळ आपणच बनवायचा ठरलं. हेडसेटच्या माइकला उच्छ्वास ऐकू येतो, त्यावर दृश्य हलवता येतं. पहिली कल्पना माझी: फुंकणीने चूल फुलवणं. लांब, एकसारखी फुंकर बायकांच्या हाडात आहे, शिकवावी लागणार नाही. त्याने रात्री जागून बनवलंही.

सकाळी शेजारच्या सहा नंबरच्या ताईंना दाखवलं. "घरी बी चूल अन् इथं बी चूलच फुकू काय?"

चूल रद्द. मग ताईंनाच विचारलं, काय बघायला आवडेल? बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नदीवर बसाचं. कोनी हाक नाई मारली पायजे."

11 नोव्हेंबर

नदीचं दृश्य तयार. घाटाची पायरी, संध्याकाळ, पलीकडे झाडं, दूरवर माणसांचे आवाज (तीन नंबरच्या मावशींसाठी). समोर पाण्यात द्रोणातला दिवा. हळू श्वास सोडला की दिवा पुढे सरकतो. जोरात फुंकलं तर विझतो, नवीन लावावा लागतो.

यातली गंमत मला स्वतः करून बघताना कळली. "हळू श्वास सोडा" असं मी कॉलेजपासून शेकडो लोकांना सांगत आले. माणूस मान डोलावतो आणि भसकन सोडतो. इथे सांगावं लागत नाही, दिवाच सांगतो. बसणारी जागची हलत नाही, दृश्यही तिला हलवत नाही, म्हणून मळमळही नाही. इंजिनिअरचा हट्ट होता की चित्र सेकंदाला 72 वेळा बदललंच पाहिजे. त्यासाठी त्याने पलीकडची अर्धी झाडं कापली. माझा हट्ट होता की झाडं राहावीत. तो जिंकला.

15 नोव्हेंबर

कार्तिकी पौर्णिमा, योगायोगाने. पाच जणी आल्या. एक नंबरच्या आजींचा पहिला दिवा तीनदा विझला. चौथा पैलतीराला लागला तेव्हा त्यांनी गॉगलसकट हात जोडले. दहा मिनिटांनी: "सहा आने." मी वहीत लिहिलं. मग त्यांनी हात धरून सांगितलं, "आट लिव."

असल्या आठ आण्यांवर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न मी रात्रीसाठी ठेवते.

17 नोव्हेंबर

काम बंद पडलं. विधानसभेच्या प्रचाराचा ऑटो समाजमंदिरासमोर उभा, भोंगा चालू. माइकला वाटतं कुणीतरी फुंकतंय. सगळ्यांचे दिवे विझतात. चार नंबरच्या ताई वैतागून म्हणाल्या, "निवडनूक होऊ द्या, मंग लावू दिवे."

28 नोव्हेंबर

नऊ नंबरच्या भावांचं निदान आलं: मणक्याचा क्षयरोग. औषधं सरकारी, मोफत. निदान वर्षभराच्या गोळ्या. वेळेत सापडला, पायांत ताकद आहे. त्यांच्या बायको सांगायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "बरं झालं तुमी चस्मा नाई लावला." मला अजून तो सुतळीचा पट्टा दिसतो. गॉगलने त्यांनाही चार-सहा आणे बरं वाटलंच असतं, आणि तीच भीती आहे.

3 डिसेंबर

आता वाकणं. आमच्या 11 जणांत आठ जण असे की त्यांना वाकायला येतं, पण ते वाकत नाहीत. एमआरआय झालेला, आणि कुणीतरी "मणक्यात गॅप आहे, वाकू नका" सांगितलेलं. या 'गॅप'ने जितकी माणसं खाटेला लावली तितकी खऱ्या गॅपने नसतील. मणक्याची झीज, फुगलेली गादी या गोष्टी काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयतही सापडतात: 2015 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजात, कंबर न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांत गादीची झीज 37 टक्क्यांना होती आणि ऐंशीच्या घरात 96 टक्क्यांना. हे मी सांगते तेव्हा लोक ऐकतात. मग घरी जाऊन कपाटावरच्या फिल्मकडे बघतात.

इंजिनिअरने दुसरं दृश्य दिलं: बोरीचं झाड, समोर टोपली, हाताने बोरं उचलून टाकायची. पहिल्या दिवशी बोरं कमरेच्या उंचीवर. दररोज थोडी खाली.

त्याने आणखी एक शक्कल सुचवली. ऑस्ट्रेलियातल्या हार्वी, मोझली वगैरेंचा 2015 चा प्रयोग त्याने वाचला होता. मान दुखणाऱ्या 24 जणांना व्हीआरमध्ये मान फिरवायला लावली आणि दृश्याने लबाडी केली. प्रत्यक्षापेक्षा कमी वळल्यासारखं दिसलं तेव्हा दुखणं सुरू व्हायच्या आत मान 6 टक्के जास्त वळली. जास्त वळल्यासारखं दिसलं तेव्हा 7 टक्के कमी. म्हणजे दुखणं फक्त मानेत नव्हतं, "आता फार झालं" या अंदाजातही होतं. आपणही बोरं आहेत त्यापेक्षा उंच दाखवायची का?

मी नको म्हटलं. प्रयोगशाळेत संमतीपत्र असतं, नंतर समजावून सांगणं असतं. इथे माझ्याकडे शब्दाशिवाय काही नाही. या बायकांना एकदा कळलं की मॅडमचा चस्मा खोटं दाखवतो, की दिवाही गेला. बोरं जिथे आहेत तिथेच दाखवायची.

9 डिसेंबर

सात नंबरच्या मावशी. दोन वर्षं खाली वाकून काही उचललेलं नाही. पडलेला चमचा नातू देतो. आज बोरं गुडघ्याखाली होती. त्या उचलत होत्या, मोजत होत्या, "बावीस, तेवीस". मी मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढला, विचारूनच. गॉगल काढल्यावर दाखवला.

तीनदा पाहिला. "हे मी होय? वाकली मी?"

मग एक अनपेक्षित गोष्ट झाली. त्या चिडल्या. "मंग दोन वर्सं मले बसवून कायले ठेवलं?" कुणावर चिडल्या ते सांगितलं नाही. मी उत्तर दिलं नाही. पाणी दिलं.

12 डिसेंबर

सहा नंबरच्या ताईंची मुलगी, दहावीतली, सिकलसेलची. हातापायांत कळा सुरू झाल्या तेव्हा ताईंनी थेट माझ्याकडे आणलं: "हिलेबी दिवा लावा." सिकलसेलची कळ वेगळी आहे. कोयत्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तिथे रक्त पोहोचत नाही. पाणी, ऊब, वेदनाशामक, आणि लवकर दवाखाना. गाडी येईपर्यंतची वीस मिनिटं मात्र तिने नदीवर काढली, रजईत गुंडाळून. हे सिएटलवालं काम, तात्पुरत्या दुखण्याचं. ते गॉगलला जमतं. मुलगी परवा घरी आली. तिच्या मते दृश्याचे ग्राफिक्स फालतू आहेत. इंजिनिअरला कळवलं.

16 ते 24 डिसेंबर

डीपी जळाली. नऊ दिवस गावात लाइन नाही. हेडसेट दुसऱ्याच दिवशी संपला. मोटरसायकलवर तालुक्याला नेऊन चार्ज केला तर दोन-अडीच तास चालतो. ते दोनदा केलं, मग सोडून दिलं.

तरी लोक येत राहिले. मी नाही म्हटलं तर, "बसतो ना जी घडीभर." म्हणून बसवलं. हात नसलेल्या खुर्चीत, दार लोटून, दहा मिनिटं. गॉगल नाही. मी विचारायची, आज कुठे, कसं, आणि ऐकायची. रकाना तसाच भरला.

फरक: पाच नंबर, चार आणे. एक नंबरच्या आजी, सहा. तीन नंबर, काहीच नाही, उलट राग. आठ नंबरचे काका, आठ आणे, गॉगलने त्यांना कधी पाचच्या वर गेलं नव्हतं.

हा माझा 41. अमेरिकेतल्या दुसऱ्या गटाच्या डोळ्यांवर निदान काहीतरी होतं, माझ्यांच्या तर तेही नाही. लोटलेलं दार आणि दहा मिनिटं. पाच नंबरच्या ताईंनी सहज सांगितलं की दिवसात याच दहा मिनिटांत त्यांना कुणी "ओ माय" म्हणून हाक मारत नाही. मग मी काय मोजतेय? दिवा, की दार?

25 डिसेंबर

रात्री वही परत वाचली. आण्यांच्या रकान्यात गॉगलचे दिवस आणि बिनगॉगलचे दिवस यांत म्हणावा तसा फरक नाही. पण दुसरा रकाना आहे, जो मी सवयीने भरत आले: उभं राहून वाकल्यावर बोटं जमिनीपासून किती सेंटिमीटर. बोरांच्या दृश्यात टिकलेल्या सहा जणांची बोटं खाली गेली आहेत, सात नंबरच्या मावशींची सगळ्यांत जास्त. नऊ दिवसांच्या अंधारात ती आणखी गेली नाहीत, वरही आली नाहीत. सहा माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हे इंजिनिअरला फोनवर दोनदा सांगावं लागलं. तो आधीच गटात टाकायला निघाला होता.

माझ्यापुरतं आज एवढंच धरते: बरं वाटण्यासाठी दार पुरतं, वाकण्यासाठी बोरं लागली.

4 जानेवारी 2025

तिसरा वेचा. बायका येत नाहीत म्हणून मी वावरात गेले, गॉगल पिशवीत घेऊन. मूर्खपणा. उन्हात त्याचे कॅमेरे आंधळे होतात, आणि भिंगावर ऊन पडलं तर आतला पडदा जळतो. पिशवीतून काढलाच नाही.

पण वावरात जे दिसलं ते खोलीत तीन महिने दिसलं नव्हतं. चार नंबरच्या ताईंच्या ओटीत पाच-सहा किलो कापूस, सगळं वजन कंबरेला बांधलेलं, समोर लटकलेलं. तास, म्हणजे कपाशीची ओळ, संपेपर्यंत रिकामी करत नाहीत, कारण ढिगापर्यंतची फेरी म्हणजे बुडालेला वेळ, आणि मजुरी किलोवर. मी त्यांच्या मेंदूच्या फाटकाचा विचार करत होते आणि इथे सरळ सरळ ओझं होतं.

तासाच्या मधे त्या उभ्या राहिल्या, कंबरेवर हात, डोळे मिटून सावकाश श्वास सोडला. मी बघतेय हे कळल्यावर म्हणाल्या, "दिवा सोडून रायली." मग लगेच, "पन ओटी उतरवली का जास्त बरं वाटते, खरं सांगतो."

14 जानेवारी

संक्रांत. तीळगूळ, आणि खोलीत ओट्यांची चर्चा. दोन खांद्यांवरून जाणाऱ्या पट्ट्यांची, पाठीमागे फुली येणारी ओटी. खाली नाडी, सोडली की कापूस खाली पडावा, वाकायला नको. पाच नंबरच्या ताईंकडे शिलाई मशीन आहे. नमुना युरियाच्या धुतलेल्या पोत्याचा. पहिला फसला: नाडी ऐन तासात सुटली.

18 जानेवारी

हेडसेट नागपूरला पाठवला, डावा स्पीकर बंद. महिनाभर येणार नाही. इंजिनिअर म्हणतो, येताना बोरांच्या जागी तूर सोंगणी टाकू का? सांगितलं, काम नको. चिंचा चालतील.

दुसऱ्या नमुन्यात नाडीऐवजी बटण. सोमवारी चार नंबरच्या ताई फरदडीच्या, म्हणजे मुख्य वेचे झाल्यावर राखलेल्या, कापसात ती घालून बघणार. मीटर-टेप घेऊन जायचं. आण्यांची वही पण.